न आलेल्याचा वाटा

आमच्या आत्यानं आयुष्यात कुणाला पाठ दाखवली नाही. पण वर्षातून एकदा, भाऊबीजेच्या सकाळी, ती तलावाच्या पाळीवर अख्ख्या घराण्याकडे पाठ करून उभी राहायची. हात कमरेवर, नजर समोरच्या धानाच्या बांध्यांवर. तिच्या मागे पळसाच्या पानांवर मासोळीचे वाटे मांडलेले असायचे. मोठेबाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, हातातली काडी एका वाट्यावर टेकवून विचारायचे, "हा कोणाचा?" आणि आत्या मागे न बघता एक नाव घ्यायची. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मग त्यात मरळ येवो की नुसते झिंगे, कुरकुर करायची सोय नव्हती. शेवटी जो वाटा उरायचा तो आत्याचा. त्याच्यासाठी नाव घ्यायची गरज पडत नसे. ती वळायची आणि पान उचलायची.

आम्ही ढिवर, मासेमारी आमचा धंदा. वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला आमचं गाव आहे. तलाव आता मच्छीमार सोसायटीकडे आहे, पण भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घराण्यानं जाळं टाकायचं, ही रीत सोसायटीनंही मोडली नाही. नियम एकच: जितक्या चुली तितके वाटे. चुलीवर माणसं किती आहेत, कमावता कोण आहे, हे कुणी विचारायचं नाही.

हे नावं घेण्याचं काम आधी माझ्या एका काकांकडे होतं. ते पाठ करून उभे राहायचे आणि मोठेबाबांना त्या दिवशी नेमका खोकला व्हायचा. काडी मोठ्या मरळीवर गेली की मोठेबाबा खोकायचे आणि काका मोठेबाबांचंच नाव घ्यायचे. बरीच वर्षं हे चाललं. एका भाऊबीजेला आत्या मधेच उठली, काकांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं आणि स्वतः पाठ करून उभी राहिली. "दादा, आता खोक," ती म्हणाली. "मले तुया खोकला चांगला समजते." त्या दिवसापासून भाऊबीजेला आमच्या घराण्यात कुणाला खोकला झाला नाही. आणि त्याच दिवशी कुणीतरी तिचं नाव ठाणेदारीण ठेवलं. पुढे गावातली पोरंसोरंही तिला त्याच नावानं ओळखायची. तिचं खरं नाव काय, हे आम्हा भाच्यांनाही चटकन आठवत नसे.

तिला स्वतःचा वाटा मिळाला त्याची गोष्ट मी आईकडून ऐकलेली आहे. नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा आत्या तिच्याशी एक शब्द न भांडता माहेरी निघून आली. भांडली ती इथे आल्यावर. भाऊबीज आली. भावांनी ओवाळणीत साडी घातली, पण तलावावर तिच्या नावाचं पान काही मांडलं नाही. मोठेबाबांचं म्हणणं असं, की तू आमच्यातच जेवतेस, तुझी वेगळी चूल कुठे आहे? आत्यानं साडीची घडी होती तशी परत ठेवली. वाड्याच्या कोपऱ्यात, जिथे सरपण रचलेलं असायचं तिथे, तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि वर पाण्याचं भगुणं ठेवलं. मग पदराला धुराचा वास घेऊन ती पाळीवर आली आणि म्हणाली, "चूल पेटली. टाका वाटा." मोठेबाबांनी गपचूप एक पान मांडलं. पुढे त्या तीन दगडांभोवती कुडाची खोली उभी राहिली आणि ती चूल आत्या जिवंत असेपर्यंत विझली नाही.

लहानपणी मला यातलं काही कळत नव्हतं. दिवाळी म्हणजे चुलतभावंडं, चिखलात लोळणं, जाळ्यात उसळणारी रोहू आणि दुपारच्या तिखटजाळ रश्श्याची वाट बघणं. आत्या म्हणजे त्या रश्श्यात पडणारी माशी. जेवायला बसायच्या वेळेला हटकून तिचं भांडण निघायचं. पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांच्या वाट्याला काटे आणि पाणी येतं, हे तिला सहन व्हायचं नाही. एका वर्षी तिनं मासोळीचं अख्खं पातेलंच उचलून मागच्या दारी नेलं, बायकांना बसवलं, त्यांच्या पानांत मरळीचे तुकडे वाढले आणि दारात स्वतः ठाण मांडून बसली. बाहेर मोठेबाबा संतापानं लाल झाले होते. आम्हा पोरांना वाटायचं, ही एक आत्या नसती तर दिवाळी किती मजेत गेली असती.

कॉलेजात गेल्यावर मला तिची लाज वाटू लागली. मैत्रिणींच्या घरी दिवाळीला फराळाची ताटं यायची, आमच्याकडे वाट्यांवरून आरडाओरडा. पण त्याच सुमारास एक गोष्ट घडली आणि ती माझ्या डोक्यातून गेली नाही. धाकटे काका वारले होते. सुमनकाकू तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी गेली होती. भाऊबीजेला मोठेबाबांनी तिचं पान मांडलं नाही, चूल बंद आहे म्हणाले. आत्यानं पाठ केली. काडी पहिल्या वाट्यावर टेकली. "हा कोणाचा?" आत्या म्हणाली, "सुमनचा." मोठेबाबा म्हणाले, ती आलीच नाही. आत्या तशीच पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, "आलेले तं ओरडूनबी घेतील. न आलेल्याचं कोण बोलन?" पान आणावं लागलं, सगळे वाटे मोडून पुन्हा लावावे लागले. त्या वर्षापासून पहिलं नाव न आलेल्याचं, असा तिचा नियमच झाला. लग्न होऊन गेलेल्या लेकीही तिनं त्यात ओढल्या. लेकीची चूल परक्या गावात पेटते, असं कुणी म्हणालं तर तिचं ठरलेलं उत्तर होतं: "पेटते ना?"

मासोळी ताजी पाठवता येत नाही. म्हणून न आलेल्यांचे वाटे ती चिरून, मीठ लावून कुडावर वाळत घालायची आणि कावळ्यांशी भांडत दिवस काढायची. वाळले की पुडकी बांधून ज्याच्या त्याच्या गावच्या बसमध्ये चढवायची.

माझी नर्स म्हणून पहिली नेमणूक भामरागडला झाली तेव्हा त्या पुडक्याचा अर्थ मला कळला. दिवाळीत सुट्टी मिळाली नाही. वॉर्डात मलेरियाचे पेशंट, बाहेर अंधारलेली गल्ली, फोनला रेंज नाही. घरचे सगळे पाळीवर जमले असतील, असा विचार करत मी डबा तसाच परत झाकला. दिवाळी उलटून गेल्यावर एक दिवस आलापल्लीहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं दवाखान्याच्या दारात एक पुडकं आपटलं. अख्खी बस वासानं भरली होती, प्रवासी शिव्या देत होते, असं तो वैतागून सांगत होता. "आन् तुमची ते आत्या का कोन ते, स्टँडवर मले धमकी देऊन गेली," तो म्हणाला. "म्हने हे पोचलं नाई, तं पुढच्या फेरीले मी इथीच उभी आहो." मी ते पुडकं छातीशी धरून रडले. कुणीतरी सगळ्यांकडे पाठ करून माझं नाव पहिलं घेतलं होतं. लहानपणी दिवाळी म्हणजे जे मिळायचं ते. आता दिवाळी म्हणजे आपण मोजणीत आहोत की नाही, एवढंच उरलं होतं, आणि ती मोजणी ज्या बाईच्या हातात होती तिचीच मला लाज वाटत होती.

मोठेबाबा गेले आणि काडी त्यांच्या मुलाच्या, विलासभाऊच्या हातात आली. विलासभाऊ चंद्रपुरात ठेकेदारी करतो. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणते, पण त्याला सगळं कसं चकचकीत लागतं. त्यानं व्हॉट्सॲपवर घराण्याचा ग्रुप काढला आणि एका दिवाळीला जाहीर केलं, की यंदा तलावावर चिखलात कुणी उतरायचं नाही, यंदा गेट-टुगेदर. जंगलाच्या गेटजवळचं एक रिसॉर्ट ठरलं होतं. पोहायचा तलाव, जिप्सीतून वाघ बघणं, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. त्या वर्षी मला सुट्टी मिळाली होती, मीही गेले. दारातच हातात रंगीत सरबत दिलं. सगळे दिसले, आत्या दिसेना. विलासभाऊ म्हणाला, तिचे गुडघे दुखतात, ती नको म्हणाली. वहिनीनं मला बाजूला घेऊन खरं सांगितलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी विलासभाऊला सरळ जाब विचारला. तो हसून म्हणाला, "शालू, वर्षातला एक दिवस आहे. शांततेत जाऊ दे ना. ते आली का भांडन सुरू."

शांतता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईच्या भांडणामुळे याच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा मरळीचा तुकडा मिळाला, ज्या बाईच्या भांडणामुळे सुमनकाकूची पोर आज त्याच पोहायच्या तलावात खिदळत होती, तीच बाई आता यांच्या शांततेत बसत नव्हती. आणि कुणालाच काही वाटत नव्हतं! पनीरच्या भांड्यापुढे रांग लावून सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. कोण कुणाशी भांडणार? भांडायला काही एकत्र तरी असावं लागतं. प्रत्येकाचं ताट वेगळं, खोली वेगळी, परतीची गाडी वेगळी. मी सरबत तिथेच ठेवलं, बॅग उचलली आणि फाट्यावर येऊन बस धरली.

गावात पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. आत्या अंगणात बसली होती. तिनं सोसायटीच्या लोकांकडून आमच्या नावाचं जाळं टाकून घेतलं होतं आणि पळसाच्या पानांवर एकूण एक चुलीचा वाटा मांडून ती हातात काठी घेऊन कावळे हाकलत होती. मला बघून उठली नाही.

"सगळे वाघ पाह्यले गेले म्हने," ती म्हणाली. बसच्या ड्रायव्हरकडून तिला कळलं होतं. मी खाली मान घालून हो म्हटलं. "पाहू दे. वाघ काई त्याईचं नाव घेऊन हाक मारनार नाई." मग तिनं काठी माझ्या हातात दिली, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि रिकाम्या अंगणाकडे पाठ करून उभी राहिली. "इचार."

मी काठी पहिल्या वाट्यावर टेकवली आणि विचारलं, हा कोणाचा? पहिलं नाव न आलेल्याचं, हा तिचा नियम. आणि त्या दिवशी तर माझ्याशिवाय कुणीच आलं नव्हतं. मला वाटलं आता ती रडणार. पण ती म्हणाली, "विलासचा."

मी चिडले. त्याचं काऊन, म्हणून ओरडलेच तिच्यावर. ती वळली नाही. "सगळ्याईत दूर तोच गेला," ती म्हणाली. "पुढचा इचार."

ते सगळे वाटे तिनं वाळवले आणि पाठवले. विलासभाऊच्या फ्लॅटवर पुडकं पोचलं त्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, ठाणेदारीणबाईंचा बॉम्ब आला, बिल्डिंगमध्ये पळापळ. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पुडकं कचऱ्याच्या गाडीत गेल्याचंही त्यातच होतं. मी जे लिहायचं ते लिहिलं आणि ग्रुपमधून बाहेर पडले. पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा रागाच्या भरात ते सगळं आत्याला सांगून बसले. वाटलं, निदान आता तरी ही त्याला दोन शिव्या देईल. ती चुलीत फुंकर घालत होती. "पोचलं ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पोचलं. "मंग झालं. पोचवाचं काम माह्यं. खाचं का फेकाचं, ते त्याचं." आणि तिनं मला चहा दिला.

ती गेली ती भर पावसाळ्यात. भामरागडचा रस्ता तुटला होता, पुलावरून पाणी वाहत होतं, टॉवर बंद पडला होता. मला निरोप मिळाला तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. मी नदीच्या काठावर जाऊन उभी राहिले. पाणी काही कुणाचं ऐकत नाही. जिनं जन्मभर न आलेल्यांची बाजू घेतली तिच्या शेवटच्या दिवशी न आलेली मी होते, आणि माझं नाव घ्यायला तिथे कुणी नव्हतं.

यंदाच्या दिवाळीआधी वहिनीचा फोन आला. भाऊबीज गावातच करायची ठरली होती, आत्याच्या आठवणीत. मी गेले. वाड्याच्या दारात भलामोठा फ्लेक्स लावला होता. मधे आत्याचा फोटो, आधार कार्डावरचा, रागावलेला. भोवती हात जोडलेले सगळे भाचे, त्यात विलासभाऊ सगळ्यात मोठा. खाली लिहिलं होतं, 'आत्या, तुझ्याविना दिवाळी सुनी सुनी.' नाव नव्हतं, नुसतं आत्या. ती जिवंत होती तेव्हा तिच्याविना दिवाळी करायला याच लोकांनी वाघांच्या दारात बुकिंग केलं होतं. ज्यांनी तिची मासोळी कचऱ्यात टाकली ते आता तिच्या फोटोला हार घालून सेल्फी काढत होते. मेलेलं माणूस भांडत नाही, एवढाच काय तो त्याचा गुण. मी दात आवळले आणि तलावावर गेले.

जाळं ओढून झालं होतं. पोरं चिखलात लोळत होती आणि त्यांना आवरणारं कुणी नव्हतं, ते मात्र बघून बरं वाटलं. वाटे मांडून झाले. विलासभाऊनं काडी घेतली आणि म्हणाला, "शालू, तू उभी राय. आत्याची लाडकी होतीस." मी पानांवरून नजर फिरवली. सगळ्यांची होती. विलासभाऊची, सुमनकाकूची, भामरागडच्या भाड्याच्या खोलीत पेटणाऱ्या माझ्या चुलीची. आत्याचं पान नव्हतं.

मी विचारलं. विलासभाऊ दचकलाच थोडा. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "अवं, चूल कुठी आहे आता तिची? चुलीले वाटा, हा नियम तिचाच ना?" आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. कुणी तरी हेही बोललं, की ती खोली तशीही पाडायचीच आहे, गाड्या लावायला जागा होईल.

मी पाळ उतरले आणि वाड्यात आले. आत्याच्या खोलीत सिमेंटची पोती रचली होती. ती पोती एकेक करून मी बाहेर ओढली. तीन दगड होते तिथेच होते, काळे, मधे जुनी राख. फ्लेक्सला टेकवलेल्या बांबूच्या कामट्या घेतल्या, मोडल्या आणि चुलीत घातल्या. ओल्या असाव्यात, धूरच जास्त झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मी आत्यासारखी फुंकर घालत राहिले. जाळ धरला तसं तिचंच भगुणं पाणी भरून वर ठेवलं.

पाळीवर परत आले तेव्हा माझ्या पदराला धुराचा वास येत होता. वाड्यावरून वर चढणारा धूर तिथूनही दिसत होता.

"चूल पेटली," मी म्हटलं. "टाका वाटा."

विलासभाऊ खाली वाकला. पळसाचं एक पान त्यानं घेतलं, विजारीला पुसलं आणि रांगेत मांडलं. प्रत्येक वाट्यातून थोडं थोडं काढून ते पान भरायला त्याला वेळ लागला, पण त्यानं ते केलं, आणि खोकला नाही.

मी सगळ्यांकडे पाठ केली. समोर धानाच्या बांध्या पिवळ्या झाल्या होत्या. मागे काडी पानावर टेकल्याचा आवाज आला.

"हा कोणाचा?" विलासभाऊनं विचारलं.

जन्मभर तिनं सगळ्यांची नावं घेतली आणि उरलेलं पान मुकाट्यानं उचललं. त्या पाळीवर तिचं नाव कुणी कधी घेतलंच नव्हतं.

"वच्छलाचा," मी म्हटलं.